सव्वीस बटणांची नायिका

चिरंजीव धाकट्या बंधुराजांस,

शिवणखोलीच्या खिडकीशेजारच्या स्टुलावरून थोरल्या बहिणीचे, राग अजून पुरता उतरलेला नसतानाही मनापासून दिलेले आशीर्वाद.

तुझा खोकला कसा आहे? गुडघ्याचं काय? सकाळी कोमट पाणी खरंच पितोस, की नुसतं 'पितो' असं कळवतोस? (तुझ्या पत्रांत तुझी प्रकृती कायम उत्तम असते. चार ओळींच्या पत्रात माणसाची प्रकृती इतकी उत्तम असली की मला काळजी वाटायला लागते.) मी बरी आहे. डोळे ठीक, दात जेवढे आहेत तेवढे ठीक, भूक नको तितकी ठीक. तुझी लागोपाठ तीन पत्रं पोचली. तिन्हींत मिळून प्रश्न एकच, 'तिचं काय ठरलं?' तिसऱ्या पत्रात तर मी कशी आहे हेही विचारायला तू विसरलास. अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा झालास, टपाल खात्यात पंचवीस वर्षं लोकांची पत्रं वाटतोस, आणि स्वतःच्या सख्ख्या बहिणीला दोन ओळी धड लिहिता येत नाहीत. असो. काय ठरलं ते सांगणारच आहे, पण क्रमाने सांगणार. मध्येच शेवटचं पान उलटून बघू नकोस. तुझ्या वाचनाच्या सवयी आता मला चांगल्या कळल्या आहेत, आणि आजचं सगळं रामायण त्यातूनच घडलं आहे.

वहिनी गेल्याला सहा वर्षं झाली. तुला पुन्हा कुणाची सोबत असावी असं मलाही वाटत होतंच. थंडीत तू मला शाल द्यायला आमच्या कारखान्यात आलास, दारात दहा मिनिटं उभा राहिलास आणि तेवढ्यात तीन वेळा पाणी मागितलंस, तेव्हाच मी ओळखलं की ही तहान काही पाण्याची नाही. आमची काजवाली समोरच काजं करत बसली होती. तिनेच तिन्ही वेळा उठून पाणी दिलं आणि चौथ्यांदा तांब्याच तुझ्याजवळ आणून ठेवला. मग तुझं चार पानी पत्र आलं (मला, तिला नव्हे), की तू तिला माझ्यासाठी विचार. मी विचारलं. ती लाजली नाही, रागावलीही नाही. कोटावरची सुई तशीच चालू ठेवून म्हणाली, "ऐकलं, ताई." चाळिशीची बाई, नवरा सोडून गेला त्याला बारा वर्षं होत आली, आपल्या भाड्याच्या खोलीत आपल्या हिमतीवर राहते, ती काही लगेच टुणकन उडी मारून हो म्हणणार नव्हती. गप्प बसून वाट बघायला हवी होतीस. पण तू कादंबरी पाठवलीस!

लाल पुठ्ठ्याची, दीडशे वर्षांपूर्वीची, कुठल्याशा दूर देशातली, आपल्या भाषेत आणलेली. सोबत चिठ्ठी, की दुपारी तुम्ही वाचन करता त्यात ही वाच, म्हणजे 'तिच्या' कानावर आपसूक पडेल. यातल्या पोस्टमास्तरकडे विशेष लक्ष असू दे. पोस्टमास्तरच्या वाक्यांखाली पेन्सिलीने रेघाही मारल्या होत्यास. त्या रेघा पान एकशे बारावर थांबतात. त्याच पानात तुझं बसचं तिकीटही सापडलं. पुढची दोनशे पानं एकमेकांना चिकटलेली होती, ती मी हेअरपिनने सोडवली. बाबा रे, मध्यस्थ म्हणून माणूस पाठवतानासुद्धा लोक त्याची चौकशी करतात. तू तीनशे पानांचा मध्यस्थ पाठवलास आणि तो पुढे काय बोलणार आहे हे बघितलंसुद्धा नाहीस!

आमची पद्धत तुला ठाऊक आहे. दुपारी दोन ते चार मशिनी बंद असतात. तेव्हा हातकाम चालतं, म्हणजे काजं, बटणं, हुक, तुरपाई. तोंडं मोकळी राहिली तर भांडणं होतात म्हणून एकीने मोठ्याने वाचायचं, आणि तिच्या वाटची तुरपाई बाकीच्यांनी वाटून घ्यायची, असा इथला रिवाज आहे. दोन वर्षांपासून वाचन माझ्याकडे आहे, कारण माझा आवाज खणखणीत आहे. तर मी तुझी कादंबरी उघडली. सुरुवातीला कुणा प्राध्यापकांची बेचाळीस पानांची प्रस्तावना होती. ती गोष्टच आहे असं समजून मी तीन दिवस वाचली. नायिका म्हणजे स्त्रीमनाचा आरसा आहे, तिची असहायता हेच तिचं सौंदर्य आहे, तिचे अश्रू म्हणजे अमुक आणि मूर्च्छा म्हणजे तमुक. बायकांना वाटलं, हाच नायक. चौथ्या दिवशी इस्त्रीवालीने विचारलं की याचा एवढा जीव आहे तिच्यावर, तर हा लग्न का करून टाकत नाही? मी पानं चाळली तेव्हा कळलं की हा गृहस्थ गोष्टीत येतच नाही, नुसता दारात उभा राहून बोलतो. (तुझी आठवण झाली.)

गोष्ट थोडक्यात अशी. नायिका अनाथ, मामाच्या घरी वाढलेली, गोरीपान, आणि जरा काही झालं की बेशुद्ध पडणारी. एकीकडे मिशाळ जमीनदार, त्याला घोडे, बागा आणि देखणा कोट. दुसरीकडे गावचा पोस्टमास्तर, नऊ वर्षं मुकाट्याने तिच्यावर प्रेम करणारा. पहिल्या आठवड्यातच कारखान्यात तट पडले. कटिंग मास्तर जमीनदाराच्या बाजूला, कारण लेखकाने त्याच्या कोटाचं वर्णन दीड पानभर केलं होतं आणि मास्तरांच्या मते ज्याच्या कोटाची पाठ एक सुरकुती न पडता बसते तो माणूस वाईट असूच शकत नाही. मालक मामाच्या बाजूला. मालक तसे ऐकत नाहीत, ते फक्त दोन ते चार याच वेळात फळीच्या आड उभे राहून कापडाचे तागे मोजतात. नायिका सात वेळा बेशुद्ध पडली तरी फळीमागून हूं की चूं ऐकू आलं नाही. जमीनदाराचा घोडा मेला तेव्हा मात्र मालक नाक शिंकरत बाहेर आले आणि खोलीत धूळ फार झाली आहे म्हणून आम्हालाच बोलले. बायका पोस्टमास्तरच्या बाजूला होत्या, आणि त्यात माझी कामगिरी मोठी. माझा भाऊही टपालातच आहे बरं का, अस्साच शांत, असं मी दर दोन पानांनी सांगत होते. काजवाली ऐकत होती. एकदा तर हसलीदेखील. त्या दिवशी मी तुला 'लक्षण बरं आहे' असं कळवलं होतं, ते खोटं नव्हतं.

मग नायिका पळाली. पहाटे, एकटी, चाहूलही न लागू देता, निळ्या रेशमी झग्यात. त्या झग्याला पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत मोत्यांची सव्वीस बटणं (लेखकाने मोजली आहेत, त्याला काम काय). काजवालीची सुई थांबली. मी तिला अकरा वर्षं बघते आहे, मालक ओरडले, छत गळलं, एकदा भिंतीतून साप निघाला, तरी तिची सुई थांबली नव्हती. ती म्हणाली, "ताई, मागचं परत वाचा. एकटीच होती?" मी परत वाचलं. एकटीच. "मग बटणं कुणी लावली?"

दोन दिवस आम्ही पुढे सरकलो नाही. इस्त्रीवालीने एक कोट उलटा, म्हणजे पाठ पुढे करून चढवला, आम्ही त्यावर खडूने सव्वीस खुणा केल्या आणि तिला हात मागे घालायला सांगितलं. वरून चार खुणांपर्यंत हात पोचला, खालून पाचपर्यंत. उरल्या सतरा. कटिंग मास्तरांनी टेप लावून निर्वाळा दिला की ही गोष्ट कुठल्याच माणसाला एकट्याने जमणारी नाही. म्हणजे खोलीत दुसरं कुणीतरी होतं. म्हणजे मोलकरीण होती. सगळं पुस्तक मागे चाळलं, तेव्हा एकसष्टाव्या पानावर गरम पाणी आपोआप खोलीत आलेलं सापडलं, पंच्याऐंशीव्या पानावर दिवे आपोआप लागलेले. बाईला तोंड नाही, नाव नाही, पण नायिकेचं गुपित तिला माहीत, अंधारात सतरा बटणं तिने लावलेली, आणि सकाळी मामाने घर डोक्यावर घेतलं तेव्हा मार कुणी खाल्ला असेल ते सांगायलाच नको. त्या दिवसापासून आमच्याकडे नायिकेला कुणी विचारेना. ती रडली की बायका म्हणायच्या, ते राहू दे, हिचा ओला रुमाल धुतला कुणी? प्राध्यापकांनी बेचाळीस पानं खर्ची घातली, पण हा प्रश्न त्यांना पडला नाही. अर्थात त्यांच्या सदऱ्याची बटणं पुढे असणार.

आणि मग आलं पान दोनशे चाळीस. तुझ्या रेघांच्या बऱ्याच पुढचं. तुझा तो शांत, सालस, मुका पोस्टमास्तर नऊ वर्षं नायिकेचं प्रत्येक पत्र किटलीच्या वाफेवर धरून उघडत होता, वाचत होता आणि परत चिकटवत होता! तिला काय हवं ते त्याला न सांगता कळायचं, त्यातलं इंगित हे. मग इस्त्रीवालीने (वाफेत तिचा हात कोण धरणार) डिंक कागदाला डाग न पाडता कसा सुटतो हे बारकाईने समजावून दिलं, आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. अस्साच शांत, असं मीच म्हणून बसले होते ना! तेव्हापासून तुझं पत्र आलं की आधी पाकिटाची कड उजेडात धरून तपासतात आणि मगच माझ्या हातात देतात. तू आयुष्यात कुणाचं पाकीट उघडलं नाहीस हे मला माहीत आहे. पण माझं तोंड कसं झालं असेल त्याची तू नुसती कल्पना कर.

त्याच दुपारी तो अपघात झाला. इस्पितळाच्या वॉर्डबॉइजचे चाळीस कोट काजांसाठी काजवालीपुढे होते. पुरुषांच्या कोटाला काजं डावीकडे, बायकांच्या कोटाला उजवीकडे. हे ती झोपेतसुद्धा चुकणार नाही. चाळीसच्या चाळीस कोटांना तिने उजवीकडे खुणा करून काजं कापून ठेवली. शिवण चुकली तर उसवता येते, काज एकदा कापलं की कापलं. मालक कपाळाला हात लावून बसले. तिने कुणावर ढकललं नाही, 'माझं लक्ष नव्हतं' एवढंच म्हणाली. इस्पितळाने कोट ठेवून घेतले, आणि तिथले धटिंगण आता रोज सकाळी आरशासमोर उलट्या हाताने झटत असतात असं ऐकते. पण मी मनात धसकले. जिची सुई सापाला बघून थांबली नाही, तिचे चाळीस कोट कुणा पोस्टमास्तरपायी बिघडले, म्हणजे तिच्या डोक्यात तुझाच विषय घोळत होता. संध्याकाळी तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "पुस्तक संपू दे ताई, मग तुमच्या भावाचं सांगते."

झालं! तुझा संसार त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर जाऊन बसला. मी गुपचूप पुढे वाचून आले. काय असेल शेवट? नायिका नदीत जीव देते. अठरा मीटर रेशमासकट. जमीनदार तिच्या मामेबहिणीशी लग्न करतो, पोस्टमास्तर तिच्या थडग्यावर कविता कोरतो, आणि प्राध्यापक म्हणतात की हे अटळ होतं. आता हे मी तिला वाचून दाखवू? दोन पुरुष, एक नदी, आणि मग तिने तुला हो म्हणावं? तेव्हा तुझ्या भल्यासाठी मी शेवट बदलला. पुस्तक समोर धरून, पानं वेळेवर उलटत, माझ्या मनचं वाचत गेले. कुणी बुडालं नाही. पण चार वाक्यांत चोरी पकडली गेली. कटिंग मास्तर म्हणाले की कापड बदललंय, हा पोत त्या लेखकाचा नाही. बायका म्हणाल्या की ही बाई आत्तापर्यंत सात वेळा बेशुद्ध पडली, ती एकाएकी एवढं शहाण्यासारखं बोलेलच कशी. काजवाली काहीच बोलली नाही. तिने माझ्या मांडीवरून पुस्तक उचललं आणि खरा शेवट स्वतः वाचला, ओळीवर बोट ठेवून, अडखळत, पण शेवटपर्यंत.

माझी अपेक्षा होती की रडारड होईल. कसली रडारड! इस्त्रीवाली भडकली. तिसऱ्या प्रकरणात हीच बाई स्वतःचे कपडे स्वतः शिवते असं लिहिलंय, मग हातात धंदा असताना नदीवर कशाला गेली, आमच्याकडे आली असती तर हुकांवर बसवली असती, असं तिचं म्हणणं. मालक तागे टाकून उघड उघड बाहेर आले आणि म्हणाले की मामाचंच चुकलं. (तीनशे पानांत माणूस सुधारला म्हणायचा तर तो एवढाच.) काजवालीने पुस्तक मिटलं आणि हळूच म्हणाली, "हिला कुणी सरळ विचारलंच नाही." आणि खरंच की! जमीनदार मामाला विचारतो, पोस्टमास्तर चंद्राला विचारतो, लेखक वाचकाला विचारतो. तीनशे पानांत एक माईचा लाल तिच्यासमोर उभा राहून 'तुझ्या मनात काय आहे' असं म्हणत नाही. आणि बंधुराज, तुम्ही तरी वेगळं काय केलंत? मला विचारलंत, आणि तिला पुस्तक पाठवलंत.

तर एकंदरीत परिस्थिती ही अशी आहे. टपाल खात्याची अब्रू आमच्याकडे सध्या बरी नाही, चाळीस कोटांचं प्रकरण ताजं आहे, आणि तिचं उत्तर, तू समजूतदार आहेस, असं घाईने मागण्यासारखं नाही. माझा सल्ला विचारशील तर सहा महिने थांब. पुढे शाळांच्या गणवेशांचा हंगाम आहे, तेव्हा कुणाला मान वर करायला फुरसत नसते. हंगाम संपू दे, लोक पोस्टमास्तरला विसरू देत, मग बघू. तोवर पत्रात तो विषय काढू नकोस आणि कृपा करून दुसरं पुस्तक पाठवू नकोस. प्रकृतीला जप. खोकल्यावर औषध घे.

तुझी,
थोरली ताई

ता. क. प्रस्तावनेची बेचाळीस पानं मास्तरांनी कॉलरचा साचा कापायला घेतली आहेत. कागद जाड आहे, उपयोगी पडला म्हणतात. तुझ्या वाचनालयाला काय सांगायचं ते तू बघ.

दुसरा ता. क. वर सहा महिने थांब म्हटलं ते खोडते आहे असं समज. तिने उत्तर दिलं त्याला आज नऊ दिवस झाले. पुस्तक मिटलं त्याच संध्याकाळी, शिवणखोलीला कुलूप लावताना ती म्हणाली की त्यांना इथे येऊन मला विचारू दे, मी हो म्हणणार आहे. मी रोज कागद घेऊन बसत होते आणि रोज दुसरंच काहीतरी लिहीत होते. हे पत्रसुद्धा तसंच लिहिलं गेलं, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. आणि तुझ्या भल्यासाठी शेवट बदलला म्हणाले, तेही खोटं. मी जो शेवट वाचला त्यात नायिका दोघांनाही नाही म्हणते आणि गावातल्या एका म्हाताऱ्या शिंपिणीच्या खोलीत जन्मभर सुखाने राहते. काजवाली तेव्हा काही बोलली नाही म्हणून लिहिलं ना, ती माझ्याकडे बघत होती.

तिसरा ता. क. वाचनाचं काम माझ्याकडे आवाजामुळे आलेलं नाही. दोन वर्षांपासून माझ्या हाताला कंप आहे. तुरपाई वाकडी पडायला लागली, ते सगळ्यांच्या आधी तिने पाहिलं आणि कुणाला कळू न देता म्हणाली, ताई, तुम्ही वाचा, तुमच्या वाटचं मी करते. बाकीच्या सगळ्या वाटून घेतात हे निव्वळ म्हणायला. मालकांना अजून माहीत नाही. माझ्याकडे बघून तू तिला इथे ठेवावंस असं मी म्हणणार नाही, तो हक्क मला नाही. पण तुमच्या खात्यात बदली मागता येते ना? इथल्या टपाल कचेरीत एक जागा रिकामी आहे, मी खिडकीवर जाऊन विचारून आले आहे. मिळाली तर तिघं मिळून राहू. आणि नाहीच मिळाली, तर रविवारी ये, तिला सरळ विचार, आणि तिला न्यायलाही तूच ये. तिला गाडीत बसवून दे असं मात्र मला लिहू नकोस, ते माझ्याच्याने होणार नाही.